लोणारचं वय आणि थंड उजेड: रेणू चमकतात कसे, ती चमक मोजतात कशी

(भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात एका भांडणापासून. भांडण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं आहे, पण बांधावरचं नाही आणि निवडणुकीचंही नाही. लोणारच्या वयावरचं आहे.

लोणारला गेलात आणि कुणालाही विचारलं, "भाऊ, हे विवर किती जुनं?" तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ५२ हजार वर्षं. हा आकडा हवेतून आलेला नाही. सेनगुप्ता, भंडारी आणि वाटानाबे या तीन संशोधकांनी तो १९९७ साली मांडला. ५२ हजार, त्यात ६ हजार इकडे किंवा तिकडे. मग २०११ साली फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीने मोजलं. त्यांचं उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं, त्यात ४७ हजार इकडे किंवा तिकडे.

फरक बघा. एकाने आजोबांचं वय ७ सांगावं आणि दुसऱ्याने ७७, असा हा प्रकार झाला. दोन्हीकडे शिकलेली माणसं, चांगली यंत्रं, चुकीची मर्यादासुद्धा सोबत लिहिलेली. काहून बाप्पा असं?

यातला पहिला आकडा उजेड मोजून काढलेला आहे. दगडाचा चुरा तापवला, तो क्षणभर मंद चमकला, ती चमक मोजली आणि तिच्यावरून वय काढलं. म्हणून आज तीन गोष्टी समजून घेऊ. न जळता एखादी वस्तू चमकते कशी? ती चमक मोजतात कशी? आणि उजेडातून आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? दगडापर्यंत जाऊच, पण रस्ता रेणूंवरून जातो, कारण तिथे गोष्ट सगळ्यात सोपी आहे.

गरम उजेड आणि थंड उजेड

चुलीतला निखारा लाल दिसतो, लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल आणि मग पिवळं होतं, जुन्या पिवळ्या बल्बची तार पांढरी पडते. हा गरम उजेड. वस्तू तापली की तिच्यातून उजेड बाहेर पडतो. ती कशाची बनली आहे याला फार महत्त्व नसतं, ती किती तापली आहे याला असतं.

आता काजवा घ्या. हातावर ठेवला तर चटका बसत नाही. त्याच्या पोटात एक रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातली ऊर्जा थेट उजेड होऊन बाहेर येते. हा थंड उजेड. याला म्हणतात ल्युमिनेसन्स. इथे तापमानापेक्षा पदार्थ महत्त्वाचा. कोणता रेणू आहे त्यावर रंग ठरतो, आणि म्हणूनच उजेडावरून रेणू ओळखता येतो.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच सोडवू. गाडीच्या नंबरप्लेटवर आणि ट्रॉलीच्या मागे आपण 'रेडियम' लावून घेतो. त्यात रेडियम नसतं आणि तो ल्युमिनेसन्सही नाही. त्या पट्टीत बारीक काचमणी किंवा छोटे लोलक असतात, ते तुमच्या हेडलाइटचा उजेड जसाच्या तसा तुमच्याकडेच परत पाठवतात. हेडलाइट बंद, पट्टी बंद. आलेला उजेड गिळायचा, त्याची ऊर्जा स्वतःजवळ घ्यायची आणि मग स्वतःच्या रंगाचा नवा उजेड सोडायचा, हे ती पट्टी करत नाही. रेणू करतो.

रेणूच्या आतला जिना

रेणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या मजल्यांवर राहतात. मधे लटकायची सोय नाही. बाहेरून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन आला की इलेक्ट्रॉन तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर जातो. ही उडी इतकी झटपट असते की तेवढ्यात रेणूतले अणू जागचे हलतही नाहीत.

प्रत्येक मजल्यावर बारीक पायऱ्या असतात. या पायऱ्या म्हणजे रेणूचं थरथरणं. इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा वरच्या मजल्याच्या वरच्या एखाद्या पायरीवर पोहोचतो आणि लगेच दोन-चार पायऱ्या खाली घसरतो. घसरताना जी ऊर्जा जाते ती उजेड म्हणून नाही, उष्णता म्हणून आजूबाजूच्या पाण्याला किंवा स्पिरिटला मिळते. मग मजल्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून तो तळमजल्यावर उडी मारतो आणि त्या उडीचा फोटॉन बाहेर पडतो.

आता जमाखर्च मांडा. घेतलेल्या ऊर्जेतला काही भाग घसरण्यात गेला, म्हणून बाहेर पडलेला फोटॉन आत आलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा. कमी ऊर्जा म्हणजे जास्त तरंगलांबी, म्हणजे रंग लाल टोकाकडे सरकलेला. अतिनील आत गेलं तर निळा बाहेर येईल, निळा आत गेला तर हिरवा किंवा लाल येईल. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली हे नीट मांडलं, म्हणून या फरकाला 'स्टोक्स शिफ्ट' म्हणतात. फ्लुओरेसन्स हा शब्दही त्याचाच, फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून घडवलेला.

या सगळ्याला वेळ किती? फ्लुओरेसन्समध्ये इलेक्ट्रॉन वर साधारण काही नॅनोसेकंद थांबतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा १०० कोटीवा भाग. म्हणून टॉर्च बंद केल्याबरोबर चमक गेलेली दिसते.

आणि प्रत्येक रेणू चमकतोच असं नाही. वर गेलेला इलेक्ट्रॉन सगळी ऊर्जा उष्णता म्हणून उधळूनही खाली येऊ शकतो. १०० फोटॉन गिळले आणि ५५ परत दिले, तर त्या रेणूचा 'क्वांटम यील्ड' ०.५५. आम्लात विरघळलेल्या क्विनाइनचा साधारण एवढाच आहे, आणि त्यावर इतका अभ्यास झालाय की बाकीचे रेणू त्याच्याशी तोलून बघतात. सोनाराकडचं वजनाचं माप असतं ना, तसं.

घरी करून बघा

३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च ऑनलाइन मिळते. दोन अटी. ती कुणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही, स्वतःच्याही नाही. आणि स्पिरिट वापरताना जवळ गॅस किंवा काडी पेटलेली नको.

पहिला प्रयोग. अंधारात नोटेवर टॉर्च धरा. नंबरांची शाई चमकते आणि कागदात विखुरलेले बारीक धागेही उठून दिसतात. मग धुतलेला पांढरा शर्ट बघा, निळसर पेटल्यासारखा दिसेल. धुण्याच्या पावडरीत घातलेले रेणू उन्हातलं अतिनील गिळून निळा उजेड सोडतात आणि त्या निळ्यात कापडाचा पिवळटपणा लपतो. 'टिनोपाल' ऐकलं असेल घरी, ते हेच.

दुसरा प्रयोग. पालकाची दोन पानं कुस्करून सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. साध्या उजेडात द्राव हिरवा. टॉर्च लावली की रक्तासारखा लाल. तो क्लोरोफिलचा उजेड, साधारण ६७० ते ६८० नॅनोमीटरचा. मग जिवंत पान असं लाल का चमकत नाही? कारण पानात ती ऊर्जा अन्न बनवण्याच्या कामाला लागते, लाल चमक म्हणून जेमतेम एक-दोन टक्के बाहेर पडते. स्पिरिटने ती यंत्रणा मोडली, ऊर्जेला दुसरी वाट उरली नाही.

तिसरा प्रयोग माझा सगळ्यात आवडता आणि पुढे कामाला येणारा. टॉनिक वॉटरची बाटली आणा, त्यात क्विनाइन असतं. टॉर्च लावली की पाणी निळं चमकतं. आता त्यात चमचाभर मीठ विरघळवा. चमक उतरते. क्विनाइन कुठे गेलं नाही, सगळं तिथेच आहे. पण मिठातले क्लोराइड आयन वर गेलेल्या इलेक्ट्रॉनला धडकून त्याची ऊर्जा उजेड व्हायच्या आत काढून घेतात. याला 'क्वेंचिंग' म्हणतात. रेणू तेवढेच, उजेड कमी. हे वाक्य लक्षात ठेवा.

अडकलेला इलेक्ट्रॉन

काही वेळा वर गेलेला इलेक्ट्रॉन घसरता घसरता भलत्याच जागी जाऊन थांबतो. इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा गुण असतो. तो उलटला तर खाली यायचा सरळ मार्ग जवळजवळ बंद होतो. समजा तुम्ही शेगावला थेट जाणाऱ्या बसमध्ये बसलात, तर वेळेत पोहोचाल. पण मधेच एखाद्या फाट्यावर उतरलात आणि तिथून सरळ गाडीच नसेल, तर वाट बघत बसा. पोहोचाल, पण कधी ते सांगता येत नाही. रेणूंमधल्या या उशिराच्या उजेडाला म्हणतात फॉस्फोरेसन्स. मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत, कधी त्याहून जास्त. साध्या द्रावात तो सहसा दिसत नाही, कारण वाट बघत बसलेल्या इलेक्ट्रॉनला मधल्या वेळात ऑक्सिजन गाठतो आणि ऊर्जा काढून घेतो. म्हणून हा उजेड मोजायचा तर नमुना गोठवून किंवा ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो.

छतावर चिकटवायचे चमकणारे तारे मात्र तासन्‌तास चमकतात. त्यांचा मामला थोडा वेगळा. चांगल्या ताऱ्यांमध्ये युरोपियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, म्हणजे तो स्फटिक आहे. स्फटिकाच्या रचनेत जागोजागी खोट असते आणि तिथे खड्डे पडलेले असतात. उजेडाने उठवलेला इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यात पडतो. खोलीतल्या साध्या उष्णतेचे धक्के त्याला हळूहळू बाहेर काढतात आणि बाहेर आला की तो उजेड देऊन जागेवर जातो.

हेही करून बघा. चमकणारा तारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा. तो एकदम प्रखर होईल आणि लवकर विझेल. दुसरा तारा उजेडात धरून लगेच फ्रीजरमध्ये टाका. तो मंदावेल, आणि बाहेर काढून कोमट झाला की पुन्हा चमकेल. उष्णतेने तिथे नवा उजेड बनवला नाही, आधी साठवलेला फक्त सोडवला. ही गोष्ट धरून ठेवा, कारण लोणारचा दगड याच तत्त्वावर बोलतो. आधी यंत्र बघू.

मोजतात कसं

यंत्राचं नाव फ्लुओरोमीटर. आत चार भाग. दिवा, एक रंग निवडणारा फिल्टर, चारही बाजूंनी पारदर्शक अशी नमुन्याची चौकोनी कुपी, आणि उजेड पकडणारा डिटेक्टर. गंमत डिटेक्टरच्या जागेत आहे. तो दिव्याच्या समोर नसतो, काटकोनात बसवलेला असतो. दिव्याचा झोत कुपीतून सरळ निघून जातो. रेणूंचा उजेड मात्र सगळ्या दिशांना पसरतो, त्यातला बाजूला आलेला तेवढा आपण पकडतो. वर डिटेक्टरसमोर दुसरा फिल्टर, जो दिव्याचा रंग अडवतो आणि रेणूचा रंग सोडतो.

एवढा खटाटोप का? खामगावच्या जिनिंगबाहेर कापसाचा ट्रक वजनकाट्यावर उभा आहे असं समजा. ड्रायव्हरच्या खिशातल्या चिठ्ठीचं वजन काढायचंय. चिठ्ठीसकट ट्रक तोलला, चिठ्ठी काढून पुन्हा तोलला, वजाबाकी केली. येईल का उत्तर? दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की हातात कचरा उरतो. कोड लिहिणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. थोडासाच पदार्थ असताना 'किती उजेड शोषला गेला' हे मोजणं असंच असतं. फ्लुओरेसन्समध्ये आपण चिठ्ठी एकटीच बारीक तराजूत ठेवतो. पाठीमागे अंधार, त्यात थोडासा उजेड. म्हणून ही पद्धत बऱ्याच रेणूंसाठी १०० कोटी भागांत एक भाग इतकं कमी प्रमाणही पकडते. म्हणजे हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत एक मिलिग्रॅम, मिठाचे मोजके दाणे.

डिटेक्टर बहुधा फोटोमल्टिप्लायर असतो. एक फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो पुढच्या पट्टीवर आपटून आणखी काही सोडवतो, ते पुढच्या पट्टीवर, असं करत शेवटी एकाचे दहा लाखांच्या घरात होतात. म्हणून एकेक फोटॉनही मोजता येतो.

पण स्क्रीनवर जो आकडा येतो, तो पदार्थाचं प्रमाण नसतो. तो फक्त उजेडाचा आकडा असतो. त्याचं प्रमाण करायला तीन गोष्टी लागतात.

एक, ब्लँक. पदार्थ नसलेलं, बाकी सगळं तेच असलेलं पाणी. कुपीचा, पाण्याचा आणि यंत्राचा स्वतःचा उजेड किती ते आधी मोजून वजा करायचं. किराणा दुकानदार रिकामा डबा आधी तोलतो, तेच हे.

दोन, प्रमाण माहीत असलेले नमुने. १, २, ५, १० अशा माहितीतल्या द्रावांचा उजेड मोजून आलेख काढायचा आणि अनोळखी नमुना त्यावर बसवायचा.

तीन, मर्यादा. थोड्या प्रमाणात रेणू दुप्पट तर उजेड दुप्पट. पण द्राव घट्ट झाला की पुढच्या थरातले रेणूच दिव्याचा सगळा झोत खाऊन टाकतात, मागच्यांना काही मिळत नाही. पंगतीत पहिल्या रांगेनेच बुंदी संपवली, तसं. मग आलेख वाकतो, आणि आणखी घट्ट केलं तर उजेड उलट कमी व्हायला लागतो. म्हणजे उजेडाच्या एकाच आकड्याला दोन उत्तरं! उपाय साधा: द्राव पातळ करा आणि पुन्हा मोजा.

खारं पाणी आणि गुलाबी पाणी

आता टॉनिक वॉटरमधलं मीठ आठवा. समजा एखादा चमकणारा रेणू लोणारच्या पाण्यात किती आहे ते मोजायचंय. हे पाणी खारं आणि चांगलंच अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. आलेख मात्र तुम्ही बाटलीतल्या शुद्ध पाण्यात काढलेला. रेणू क्विनाइनसारखा नाजूक असेल तर आकडा कमी येईल, आणि यंत्र कुठलीही एरर दाखवणार नाही. म्हणून अशा वेळी त्याच खाऱ्या पाण्यात माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम मिसळून उजेड किती वाढतो ते बघतात. जे पाणी, त्याच पाण्यातलं माप. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींनाही हाच नियम.

दुसरी गोष्ट रंगाची. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि सगळ्यांच्या फोनवर ते फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण सांगितलं: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांची गुलाबी रंगद्रव्यं. मग हे पाणी यूव्ही टॉर्चखाली गुलाबी चमकेल का? नाही. अशी रंगद्रव्यं बहुतेक कॅरोटिनॉइड गटातली, गाजराच्या रंगाची नातेवाईक. ती उजेड गिळतात आणि जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता म्हणून सोडतात. रंग गडद, चमक नगण्य. उलट त्याच तळ्यात नेहमी वाढणारं हिरवट-निळं शेवाळ, ज्यात आर्थ्रोस्पिरा, म्हणजे बाजारात 'स्पिरुलिना' नावाने मिळतं तेही असतं, ते क्लोरोफिल आणि फायकोसायनिनमुळे चांगलं चमकतं. तळ्यात शेवाळ किती हे फ्लुओरोमीटर सांगू शकेल. पाणी गुलाबी किती हे तो सांगू शकणार नाही. डोळ्याला दिसणारा रंग आणि यंत्राला दिसणारी चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दगडातली कणगी

आता दगडाकडे. माती आणि खडकात थोडं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतंच. त्यांचा किरणोत्सार, वर अवकाशातून येणारे किरण, हे खनिजांतले इलेक्ट्रॉन सतत उठवत राहतात. त्यातले काही स्फटिकाच्या खड्ड्यांत अडकतात. हे खड्डे छतावरच्या ताऱ्यापेक्षा खूप खोल. खोलीच्या उष्णतेने तिथून सुटका नाही, हजारो वर्षं तिथेच मुक्काम.

आपल्या घरातली धान्याची कणगी डोळ्यांसमोर आणा. रोज ठरलेलं एक माप धान्य तिच्यात पडतं. एके दिवशी कुणी तरी ती पूर्ण रिकामी केली आणि मग पुन्हा भरू लागली. आज किती धान्य आहे ते मोजा, रोजच्या मापाने भागा, कणगी किती दिवसांपूर्वी रिकामी झाली ते कळेल. दगडाच्या बाबतीत रिकामं करणारी गोष्ट म्हणजे प्रचंड उष्णता. लोणारला उल्का आदळली तेव्हा बेसॉल्ट वितळला आणि काही भाग काचेसारखा झाला. तिथे कणगी शून्यावर आली, घड्याळ सुरू झालं.

प्रयोगशाळेत दगडाचा चुरा अंधारात ठरलेल्या वेगाने साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि फोटोमल्टिप्लायरने चमक मोजतात. याला म्हणतात थर्मोल्युमिनेसन्स. तोच चुरा लगेच दुसऱ्यांदा तापवला तर ही चमक येत नाही, कणगी रिकामी झालेली असते. दुसऱ्या वेळी दिसतो तो फक्त तापलेल्या वस्तूचा गरम उजेड, आणि तो पहिल्या आकड्यातून वजा करतात. बघा, ब्लँक इथेही आला. मग चुऱ्याला प्रयोगशाळेतला माहीत असलेला किरणोत्सार देऊन पुन्हा चमक बघतात, म्हणजे माहीत असलेले नमुनेही आले.

हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. चमकेवरून कळलं की दगडाने एकूण १०० ग्रे किरणोत्सार खाल्ला, ग्रे हे त्याचं एकक. आणि जागेवरच्या मोजमापावरून कळलं की हजार वर्षांत २ ग्रे मिळतो. तर वय ५० हजार वर्षं. एक भागाकार, बस.

मग ५२ हजार की ५ लाख ७० हजार?

कणगीला दोन दुखणी असतात. पहिलं, तिला तळ आहे तसं तोंडही आहे. ती भरली की वरून पडणारं धान्य सांडतं. खड्डे मोजकेच असतात, ते भरले की दगड आणखी कितीही वर्षं पडून राहो, चमक वाढत नाही. म्हणजे पुढची वर्षं नोंदवलीच जात नाहीत. दुसरं दुखणं उंदरांचं. ज्वालामुखीच्या खडकांतल्या काही खनिजांत अडकलेले इलेक्ट्रॉन खोल खड्ड्यातूनही गुपचूप निसटतात, तापवल्याशिवाय. ॲन विंटल या संशोधिकेने १९७३ साली हे दाखवून दिलं. आणि आपलं दख्खन म्हणजे ज्वालामुखीचाच खडक.

दोन्ही दुखणी एकाच दिशेला ओढतात. दोन्हींमुळे दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. चूक झालीच असं यावरून सिद्ध होत नाही, पण झाली असेल तर ती कुठल्या बाजूची असेल ते कळतं.

२०११ ची पद्धत उजेडाची नाही. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय हळू बदलून आर्गॉन वायू बनतो. त्याचं अर्धं प्रमाण उरायला १२५ कोटी वर्षं लागतात, म्हणून हे घड्याळ लाखो-कोटी वर्षांना पुरतं. दगड वितळला की आर्गॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. त्यालाही दुखणं आहे, फक्त उलटं. मूळ बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. वितळताना जुना आर्गॉन थोडा जरी आत राहिला, तरी दगड आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. त्या संशोधकांनी हा उरलेला आर्गॉन हिशेबात धरूनच आपलं उत्तर दिलंय.

मग भांडण मिटलं का? पूर्ण नाही. विवराच्या काठावरच्या दगडांत वैश्विक किरणांनी तयार होणारी बेरिलियम आणि ॲल्युमिनियमची दुर्मीळ रूपं मोजून काढलेलं वय पुन्हा हजारांतच येतं, लाखांत नाही. पण काठ झिजत गेला तर तीही पद्धत वय कमीच दाखवते.

हे नुसतं पुस्तकी नाही हं. उल्का किती वर्षांनी एकदा आदळते हा हिशेब अशाच विवरांच्या वयांवर उभा असतो. आणि लोणार तर बेसॉल्टवरचं विवर, चंद्र-मंगळावरच्या विवरांचा जवळचा भाऊ. झीज किती वेगाने होते हे त्याच्याकडे बघून शिकायचं, तर आधी त्याचं वय पक्कं हवं. दहापट चुकलं तर झिजेचा वेगही दहापट चुकतो.

म्हणून पुढच्या वेळी मित्रांना किंवा पाहुण्यांना लोणार दाखवताना आकडा एकटा सांगू नका. "चमक मोजून काढलं तर ५२ हजार, आर्गॉन मोजून काढलं तर ५ लाख ७० हजार" असं पूर्ण सांगा. वाक्य थोडं लांब होतं, पण खरं होतं. पाण्याच्या रिपोर्टला, दुधाच्या रिपोर्टला, घरी आलेल्या कुठल्याही लॅब रिपोर्टलाही हेच लागू. यंत्र उजेड मोजतं. त्या उजेडाचं प्रमाण किंवा वय आपण करतो: ब्लँक वजा करून, माहीत असलेल्या नमुन्याशी तोलून आणि कणगी कुठे भरते ते बघून. यातलं काय केलं आणि काय नाही, एवढं विचारायला बीटेक लागत नाही.

टॉनिक वॉटर आणि मिठाचा प्रयोग केलात तर व्हिडिओ नक्की पाठवा. टॉर्च डोळ्यांपासून लांब. भेटू पुढच्या भागात. राम राम.